रांजण रोज कोण भरणार? पाणी आणि स्वच्छतेच्या कामाला देणगी देताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्यांपैकी निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय वरवर साधा आहे. पाण्याच्या आणि स्वच्छतेच्या कामासाठी आपल्याला काही पैसे द्यायचे आहेत, तर ते कोणत्या संस्थेला द्यावेत? पाणी द्यावं की नाही, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. चैत्र-वैशाखात पाणपोई घालणं, अक्षय्य तृतीयेला उदककुंभ देणं, हे आपल्या घराघरांत होत आलेलं आहे. तेव्हा देण्याची इच्छा आहे असं मी धरून चालतो आणि पुढच्या पायरीबद्दल बोलतो.

पाणपोईचंच बघा ना. रांजण आणायचा, चार बांबू रोवून वर सावली करायची, रांजणाला ओलं फडकं गुंडाळायचं. एका दिवसात काम होतं. वर फलक लागतो, ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’. पण पाणपोई चालते ती रोज सकाळी रांजण घासून भरणाऱ्या माणसावर. तो यायचा थांबला की आठ दिवसांत तळाशी गाळ साचतो, पंधरा दिवसांत रांजण कोरडा पडतो. फलक मात्र पुढचे दोन उन्हाळे तसाच असतो.

पाण्याच्या धर्मादाय कामाचं जगभरातलं दुखणं असंच आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संस्थेनं काय बांधलं हे जरूर विचारा, पण त्याच्या आधी हे विचारा की पाच वर्षांपूर्वी बांधलेलं आज कोण चालवतंय आणि कशाच्या जोरावर.

कामाचा आवाका केवढा आहे तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून याची आकडेवारी ठेवतात. २०२२ सालच्या आकड्यांनुसार जगात सुमारे २२० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. सुरक्षित म्हणजे घरात किंवा आवारात, हवं तेव्हा, आणि दूषित नसलेलं. सुरक्षित स्वच्छतासोय नसलेले लोक होते सुमारे ३५० कोटी. इथे संडास असणं पुरेसं धरलेलं नाही, मैल्याची नीट विल्हेवाटही लागली पाहिजे. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण ‘पाणी’ आणि ‘सुरक्षित पाणी’ यांच्यातल्या फरकावर आपल्याला पुढे यायचं आहे.

पहिला प्रश्न : बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार?

आपल्या हापशाची गोष्ट सांगतो. १९६० आणि ७०च्या दशकात दुष्काळी भागांत यंत्रानं बोअर खणायला सुरुवात झाली. खडकातून पाणी लागलं, वर हातपंप बसले. पण हे पंप होते ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. त्यांच्यावर पडलं अख्खं गाव. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हलतोय म्हटल्यावर ते मोडणारच. १९७०च्या दशकाच्या मध्यात पाहण्या झाल्या तेव्हा बसवलेल्यांपैकी बहुसंख्य पंप बंद आढळले. बोअरवर खर्च झालेला होता, खाली पाणी होतं, आणि बाया पुन्हा जुन्या विहिरीवर जात होत्या.

यातून वाट निघाली ती आपल्या महाराष्ट्रात. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी खेड्यातल्या वापराला टिकेल असे पोलादी पंप बनवले होते. त्यातल्या सोलापूर पंपाचा आधार घेऊन, युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला. आपण ज्याला हापसा म्हणतो तो बहुतेक वेळा हाच. पुढे तो आफ्रिकेतही गेला.

पण नुसता पंप सुधारून भागलं नाही. त्याच सुमारास तमिळनाडूत देखभालीची तीन पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. गावात पंपावर लक्ष ठेवणारा एक माणूस, तालुक्याच्या पातळीवर मेकॅनिक, आणि मोठ्या बिघाडासाठी जिल्ह्याचं फिरतं पथक. पंप चांगला होता आणि त्याच्यामागे माणसांची साखळी होती, म्हणून तो टिकला.

आता याच्या उलट गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत ‘प्लेपंप’ नावाची कल्पना निघाली. मुलांचं गोल फिरणारं खेळणं असतं ना, तसं खेळणं बसवायचं, मुलं खेळतील, त्या फिरण्यानं पाणी उपसलं जाईल आणि वरच्या टाकीत चढेल. टाकीवर जाहिराती लावायच्या आणि त्या उत्पन्नातून देखभाल करायची. ऐकायला किती छान! २००६ मध्ये अमेरिकेत मोठा गाजावाजा झाला, अमेरिकी सरकारनं आणि देणगीदारांनी कोट्यवधी डॉलर जाहीर केले, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. साध्या हातपंपाच्या जवळजवळ चौपट किंमत होती त्याची. मग प्रत्यक्षात काय झालं? मुलं काही सारखी खेळत नाहीत. शाळा सुटली की घागरी घेऊन आलेल्या बायकांनाच ते चाक ढकलावं लागे. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रानं २००९ मध्ये साधा हिशोब मांडला : एका पंपावर २,५०० माणसांची गरज भागवायची तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. जाहिराती खेड्यात कोण लावणार? बिघाड झाला की दुरुस्ती गावाच्या आवाक्याबाहेरची. २०१०च्या सुमारास तो विस्तार गुंडाळावा लागला.

इथे कुणाची नियत वाईट नव्हती, हे लक्षात घ्या. पैसे देणारेही भले होते. फक्त पाणी भरणाऱ्या बाईला कुणी आधी विचारलं नव्हतं.

आणि हे एकट्या प्लेपंपाचं नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यातल्या जाणकारांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यानं २००९ मध्ये आफ्रिकेतल्या २० देशांची माहिती एकत्र केली. तेव्हा सरासरी ३६ टक्के हातपंप बंद होते. म्हणजे दर तीन पंपांमागे एक. त्यातल्या कित्येकांवर देणगीदाराचं नाव असेल, आणि त्या देणगीदाराकडे उद्घाटनाचा फोटोही असेल.

मग चांगलं काम कसं ओळखायचं? केनियात ‘फंडीफिक्स’ नावाचा प्रयोग झाला. फंडी म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत कारागीर, मिस्त्री. तिथे गावं दरमहा थोडी वर्गणी भरतात आणि दुरुस्तीची हमी विकत घेतात. पूर्वी पंप बिघडला की महिनाभर पडून राहायचा, आता सुमारे तीन दिवसांत सुरू होतो. नवीन काही न बांधता, आहे त्या पंपातून मिळणारं पाणी वाढलं. अशा कामाचा फोटो चांगला येत नाही. दुरुस्त केलेला पंप आणि बंद पंप फोटोत सारखेच दिसतात. म्हणून तर या कामाला देणग्या कमी पडतात, आणि म्हणूनच तुमचा रुपया तिथे जास्त उपयोगी पडतो.

तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न : तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या योजनांपैकी आज किती चालू आहेत? बिघाड झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती होते? पैसे कोण देतं? ज्या संस्थेनं मागे वळून पाहिलंय तिच्याकडे आकडा असतो, आणि तो कधीच शंभर टक्के नसतो. ‘शंभरपैकी ८२ चालू आहेत, १८ का बंद पडल्या ते असं’ म्हणणारी संस्था मला ‘आमचे सगळे प्रकल्प यशस्वी’ म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

दुसरा प्रश्न : पाणी तपासता का, आणि कधी?

बांगलादेशाची गोष्ट माहीत असायलाच हवी. तिथे तळ्यांचं, नद्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबानं दगावत होती. म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारनं नळविहिरी बसवायला सुरुवात केली. लोकांना पटलं, पुढे त्यांनी स्वतःच्या पैशानं लाखो बसवल्या. पाणी स्वच्छ दिसायचं, चवीला चांगलं. त्या काळी अशा पाण्यात आर्सेनिक शोधायची पद्धतच नव्हती, म्हणून ते शोधलं गेलं नाही. १९९३ मध्ये तिथे आर्सेनिक आढळलं. २०००च्या सुमाराला अंदाज होता की साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी ३.५ ते ७.७ कोटी लोकांना धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्याचं वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असं केलं गेलं. नंतर सुमारे ५० लाख नळविहिरी तपासून दूषित विहिरींना लाल आणि चांगल्या विहिरींना हिरवा रंग दिला. अनेक कुटुंबं लाल विहीर सोडून शेजारच्या हिरव्या विहिरीवर जाऊ लागली. म्हणजे बघा, एक तपासणी आणि एक डबा रंग, यानंही जीव वाचू शकतात.

आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे बोअर खणून द्यायला निघालेल्या संस्थेला फ्लोराइडबद्दल विचारलंच पाहिजे.

आर्सेनिक, फ्लोराइड ही जमिनीतली संकटं. पण रोजचं संकट जंतूंचं आहे, आणि ते विहिरीवर जितकं असतं तितकंच घरातल्या हंड्यातही असतं. उगमाला चांगलं असलेलं पाणी वाटेत, भांड्यात, हात बुडवल्यावर दूषित होतं. यावर सर्वांत स्वस्त इलाज क्लोरीन. आपल्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, नंतर नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी करतो, पाणी पिवळसर झालं की क्लोरीन पोचलं. पोचायला हवं किती, तर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. काम दहा मिनिटांचं, पण रोजचं. पुन्हा रांजणच.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर, ज्यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. पाणी शुद्ध करण्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूची शक्यता सुमारे एक चतुर्थांशानं घटते, असं त्यांना आढळलं. आफ्रिकेत ‘एव्हिडन्स ॲक्शन’ ही संस्था पाणवठ्याशेजारी क्लोरीनचा डबा बसवते. घागर भरायच्या आधी तोटी फिरवली की मोजका थेंब पडतो. डबा भरायला, तपासायला माणसं नेमलेली आहेत. देणग्यांचं मूल्यमापन करणाऱ्या ‘गिव्हवेल’नं २०२२ मध्ये या कामाला ६ कोटी ४७ लाख डॉलरपर्यंतच्या निधीची शिफारस केली.

इथे एक सावधगिरी. २०१८ मध्ये बांगलादेश आणि केनियातल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. पाणी, संडास, हात धुणं असं सगळं एकत्र देऊनही मुलांच्या उंचीत फरक पडला नाही. जुलाब बांगलादेशात कमी झाले, केनियात झाले नाहीत. तेव्हा ‘आमच्या एका नळानं कुपोषण संपलं’ असं पत्रकात दिसलं तर जरा थांबा. पाण्याचं काम मोलाचं आहेच, त्याला जादूचा मुलामा द्यायची गरज नाही. आणि क्लोरीननं आर्सेनिक किंवा फ्लोराइड जात नाही, हेही ध्यानात असू द्या. आधी रोग कुठला ते बघायचं, मग औषध.

तिसरा प्रश्न : मे महिन्यात काय होतं?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जून ते डिसेंबर नळाला पाणी येतं. मार्चनंतर विहीर आटते, टँकर सुरू होतात. कागदावर योजना पूर्ण, गावही नळाचं, पण हंडा डोक्यावरच.

दोष नळाचा नसतो, आडात नसतं ते पोहऱ्यात कुठून येणार? शंभर फुटांवरच्या पिण्याच्या विहिरीशेजारी कुणी तीनशे फुटांचं बोअर घेतलं, ऊस लावला, की पिण्याची विहीर गेली. म्हणून भूजल समजणाऱ्या आणि गावाला पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवणाऱ्या संस्था मोलाच्या आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं पाणलोटाचं काम केलंच, पण शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियमही केला आणि दरवर्षी पावसाच्या हिशोबानं पिकं ठरवली. त्यांची शिस्त बंधाऱ्यांपेक्षा अवघड होती.

देणगीदारांकडून इथे एक गल्लत होते. पाणलोटाचं काम, नदी-नाला खोलीकरण, शेततळी हे सगळं ‘पाण्याचं काम’ या एकाच नावाखाली येतं. ते चांगलं असू शकतं, पण त्याचा फायदा बहुतेक वेळा आधी शेतीला, आणि त्यातही जमीन असणाऱ्याला मिळतो. वस्तीतल्या भूमिहीन बाईच्या हंड्यात त्यातलं किती आलं, हे वेगळं विचारावं लागतं.

चौथा प्रश्न : मैला जातो कुठे?

संडास म्हटलं की आपण चार भिंती आणि भांडं मोजतो. खरा संडास जमिनीखाली असतो.

डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० मध्ये सुलभची स्थापना केली आणि दोन शोषखड्ड्यांचा संडास देशभर नेला. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत वास नसलेलं खत होतं. कुणालाही ताज्या मैल्यात हात घालावा लागत नाही. पण लोकांना एकच भलामोठा खड्डा नाहीतर सेप्टिक टाकी हवी असते. ती भरली की ट्रॅक्टर-टँकर येतो आणि मैला ओढ्यात नाहीतर रस्त्याकडेला सोडतो. तोच ओढा खालच्या गावाचं पाणी. काही ठिकाणी अजूनही माणूस टाकीत उतरतो आणि गुदमरून मरतो. हातानं मैला साफ करवून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरी या बातम्या थांबलेल्या नाहीत.

म्हणून संडास बांधून देणाऱ्या संस्थेला विचारा : खड्डे एक की दोन? टाकी असेल तर ती कोण उपसणार, आणि उपसलेलं कुठे नेणार? सफाई कामगाराच्या हातात काय असणार?

चांगलं उदाहरण आपल्याजवळच आहे. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासगटाच्या मदतीनं २०१८च्या सुमारास एक पद्धत सुरू केली. टाकी तुंबायची वाट न बघता, गावातल्या सगळ्या टाक्या ठरलेल्या क्रमानं तीन वर्षांच्या फेरीत उपसायच्या आणि मैला शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. खर्च बराचसा नगरपालिकेच्या करातून. संस्थेचं योगदान काय होतं, तर अभ्यास, नकाशे, आणि चिकाटी.

पाचवा प्रश्न : सुटलं कोण?

ओडिशात ‘ग्राम विकास’ नावाची संस्था आहे. १९९२ पासून तिचा एक नियम आहे : गावातलं एकही घर वगळायचं नाही. सगळी घरं तयार झाली तरच काम सुरू. प्रत्येक घराला संडास आणि न्हाणीघर झाल्याशिवाय नळाला पाणी सोडायचं नाही. घरटी सरासरी १,००० रुपये जमा करून गावाचा निधी उभा करायचा. ज्याची ऐपत जास्त तो जास्त भरेल, गरीब कमी भरेल. त्या निधीच्या व्याजातून पुढे गावात नव्यानं संसार मांडणाऱ्या घराला संडासासाठी मदत व्हायची.

हे ऐकायला सक्तीचं वाटतं. पण एक हिशोब बघा. दहा घरं उघड्यावर जात राहिली तर उरलेल्या नव्वद घरांचं पाणीही दूषित होणार. आणि ती दहा घरं कोणाची असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावकुसाबाहेरची. शंभर टक्क्यांचा आग्रह धरला की गावाला त्या वस्तीत जाऊन बसावं लागतं. पाणी त्या गावात जातीच्या भिंतीपलीकडे पोचलं ते या नियमामुळे.

शहरातही तेच. पुण्यात १९९९ पासून महापालिकेनं वस्त्यांमधली सार्वजनिक शौचालयं बांधण्याचं आणि चालवण्याचं काम संस्थांकडे सोपवलं. त्यात ‘स्पार्क’ आणि वस्तीतल्या बायकांचं संघटन ‘महिला मिलन’ होतं. रचना कशी हवी ते बायकांनी सांगितलं. मुलांसाठी वेगळी सोय, बायका-पुरुषांच्या रांगा वेगळ्या, आणि देखभाल करणाऱ्याच्या कुटुंबाला तिथेच राहायला खोली. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण शौचालय सहा महिन्यांत तुंबणार की चालणार, हे तिच्यावर ठरतं.

सरकार असताना संस्था कशाला?

आता मोठा मुद्दा. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं तेव्हा ग्रामीण भागातल्या सव्वातीन कोटींच्या आसपास घरांत, म्हणजे सुमारे १७ टक्के घरांत, नळ होता. २०२५ पर्यंत तो आकडा १५ कोटींच्या वर गेला. कुठल्याही संस्थेला हे शक्य नाही. पाइप, टाक्या, पंपघर हा सरकारी पैशाचा प्रांत आहे. तुमच्या दहा हजारांची भर तिथे दिसणारही नाही.

पण सरकारी योजनेत जे कमी पडतं, ते थोड्या पैशात होतं. ग्राम पाणीपुरवठा समितीला हिशोब शिकवणं, जलसुरक्षकाचं प्रशिक्षण, पाणी तपासणीचे संच, ज्या वस्तीपर्यंत पाइप गेला नाही तिचा अर्ज नेटानं पुढे रेटणं. संस्थेचा एक रुपया सरकारचे दहा रुपये नीट खर्च करायला लावत असेल, तर तो उत्तम रुपया.

म्हणून ‘प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ या वाक्यानं हुरळून जाऊ नका. पाण्याच्या कामात माणूसच मुख्य असतो. मेकॅनिकचा पगार, भूजल जाणणाऱ्या मुलीचा प्रवासखर्च, पाच वर्षांनी परत जाऊन केलेली पाहणी, हे सगळं हिशोबात ‘प्रशासकीय’ दिसू शकतं. तो खर्च कापला की उरतो रांजण आणि फलक. तसंच ‘अमुक रुपयांत एका माणसाला आयुष्यभर पाणी’ अशी जाहिरात दिसली की आयुष्यभर म्हणजे किती वर्षं धरलीत आणि देखभाल त्यात धरली आहे का, एवढं विचारा.

प्रत्यक्षात काय करायचं?

दोन-तीन संस्था निवडा. आपल्या राज्यातल्या सार्वजनिक न्यासांना दरवर्षी लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, ते मागा. मग आत्ताचे पाच प्रश्न एका साध्या पत्रात लिहून पाठवा. उत्तर येतं का, कोण देतं, किती नेमकं देतं, यावरून निम्मी परीक्षा होते. जमलं तर जुन्या गावी जा, नव्या नको. आणि मे महिन्यात जा. पाणी भरणाऱ्या बाईशी बोला, सरपंचाशी नंतर.

एकदा संस्था पटली की पैसे तुकड्यातुकड्यानं, पण सलग द्या. एकदाच तीस हजार देण्यापेक्षा तीन वर्षं दहा-दहा हजार द्या, आणि ‘देखभालीला वापरा’ असं लिहून द्या. आयकरात सूट मिळते ती बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेवर, तीही मर्यादेत आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. २,००० रुपयांच्या वर रोख दिलीत तर सूट नाही. सूट मिळाली तर चांगलंच, पण सूट देते म्हणून संस्था चांगली, असं समजू नका. ती फक्त नोंदणी आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : आईच्या स्मरणार्थ गावच्या शाळेला आरओ यंत्र द्यायचं ठरवलंय. द्यावं का?

आधी पाणी तपासून घ्या. क्षार किंवा फ्लोराइड जास्त नसेल तर आरओची गरज नाही. त्यात बरंचसं पाणी वाया जातं, पडदा बदलायला पैसे लागतात, वीज लागते. अनेक शाळांत वर्षभरात ते यंत्र कोपऱ्यात बंद पडलेलं असतं. टाकी दर महिन्याला धुणं, क्लोरीन, तोट्या, हात धुवायला साबण आणि मुलींच्या संडासात पाणी, एवढ्याची पाच वर्षांची सोय लावलीत तर आईचं नाव जास्त दिवस राहील. यंत्र द्यायचंच असेल तर त्याच्या देखभालीचा करार आणि पैसे सोबत द्या.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. त्याला इथल्या संस्थेला पैसे पाठवायचे आहेत.

पासपोर्ट कोणता ते बघा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी होते. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. अशी संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. म्हणून जी संस्था प्रत्यक्ष काम करते तिलाच द्यावेत.

प्रश्न : आमच्या ओळखीची छोटी संस्था आहे. वेबसाइट नाही, अहवाल छापत नाहीत, पण काम चांगलं आहे. तिला तुमचे पाच प्रश्न कसे लावायचे?

अहवाल छापलेला नसेना का. एका वहीत गावांची नावं, पंप केव्हा बिघडला, केव्हा दुरुस्त झाला, कोणी पैसे दिले, एवढ्या नोंदी असतील तर मला ती वही गुळगुळीत अहवालापेक्षा प्रिय आहे. वही नसेल तर पहिली देणगी वहीसाठी आणि ती लिहिणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी द्या. पुढच्या वर्षी ती वही बघायला जा.